आचार्य विनोबा आणि पवनारचा मळा

मळा म्हटला की पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला अरणचे सावतोबा आठवतात. मोटेच्या पाण्यात, भाजीच्या वाफ्यात देव पाहणारे ते थोर संत. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांस तोंडपाठ आहे. म्हणून आज आम्ही दुसऱ्या एका मळ्याकडे आपणांस नेणार आहोत. हा मळा वर्ध्यापासून पाच मैलांवर, पवनार गावी, धाम नदीच्या काठी होता. आणि त्याचा माळी? तो माळ्याच्या घरी जन्मला नव्हता. वयाची वीस वर्षे उलटून गेली तरी त्याने हातात साधी विळीसुद्धा धरली नव्हती. कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरचे, पोथ्यापुस्तकांत बुडालेले ते पोर. तेच पुढे कुदळ घेऊन मातीत उतरले, आपण शिकले, दहाजणांना शिकविले आणि त्या मातीतूनच साऱ्या देशाला पुरेल असा एक विचार घेऊन निघाले. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, पेण तालुक्यात गागोदे या लहानशा गावी झाला. आईचे नाव रुक्मिणीबाई. नाव तसाच भाव! माउली फार शिकलेली नव्हती, पण तोंडात सदा देवाचे नाव आणि हात सदा कामात. अंगणातल्या फणसाला पिकलेला फणस निघाला की आधी शेजारच्या घरोघरी गरे पोचवायचे, मग आपल्या ताटात घ्यायचे, असा तिचा दंडक. गरे पोचविण्याचे काम अर्थातच विन्याकडे. जेवायला बसायच्या आधी तुळशीला पाणी घातलेस का, हा तिचा रोजचा प्रश्न. घातले नसेल तर आधी उठायचे, पाणी घालायचे, मग घास.

एकदा या माउलीने देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज थोडे थोडे मोजायची, एकेक दाणा करून. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, एक तोळा तांदूळ मोजून घे, त्यावरून लाखाचे वजन काढ, झालं काम! हिशेब बरोबर होता. माउलीने मुलाला विचारले. मुलाने सांगितले की दाणा मोजताना प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, ते वजनकाट्यात कसे होणार? ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. हाताने एकेक दाणा मोजणे आणि हाताने एकेक घाव घालून जमीन खणणे यांत फारसे अंतर नाही, हे पुढे दिसेल.

वडील बडोद्यास नोकरीला, म्हणून शिक्षण तिकडे झाले. बुद्धी तीव्र, गणितात गोडी, वाचन अफाट. पण पदवी आणि नोकरी या दोहोंकडे मन वळेना. एक दिवस आईदेखत शाळा-कॉलेजची प्रशस्तिपत्रके चुलीत घालून मोकळे झाले. 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाले, सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीची वाट धरली. काशीस महात्मा गांधींच्या भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला, आणि 7 जून 1916 रोजी ते अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात गांधीजींपुढे उभे राहिले.

आता बघा हं, ब्रह्मजिज्ञासेने घर सोडलेला हा तरुण, समोर देशाचा पुढारी. तो काय करीत असावा? भाजी चिरीत होता! विनोबांना मोठे नवल वाटले. गांधीजींनी त्यांच्याही हाती चाकू दिला. भाजी चिरणे हे काही पुरुषाने, त्यातून विद्वानाने करायचे काम आहे, हे त्यांच्या घरी कोणी सांगितलेले नव्हते. तरी बसले आणि चिरू लागले. आम्ही तर याला दीक्षाच म्हणतो. मंत्र नाही, उपदेश नाही, फक्त एक चाकू आणि भाजीची पाटी. अन्नाची वाट किती हातांतून जाते ते पाहा, एवढेच त्या दीक्षेत होते.

मध्यंतरी एक वर्षाची रजा घेऊन ते वाईस गेले. तेथे नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ ब्रह्मसूत्रे, उपनिषदे शिकले, आणि वर्ष पुरे होताच परत आश्रमात हजर झाले. 8 एप्रिल 1921 रोजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांस वर्ध्याचा आश्रम चालविण्यास पाठविले. तेव्हापासून वर्धा हीच त्यांची कर्मभूमी. सूत कातणे, विणणे, दळणे, सफाई, सारे स्वतःच्या हाताने. आईने कधीकाळी मराठीत गीता मागितली होती. ती आता नव्हती, 1918 मध्ये गेली होती. पण मुलाने तिची मागणी विसरली नाही. 1930–31 मध्ये गीताई लिहून पुरी झाली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवार गीतेवर प्रवचने झाली आणि ती पूज्य साने गुरुजींनी उतरून घेतली. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ती ‘गीता प्रवचने’ असतील.

परंतु देह काय म्हणतो? फार काटकसरीचे खाणे, फार कष्ट, फार चिंतन. 1938 साली विनोबांचे वजन अवघे 88 पौंडांवर आले. लोक काळजीत पडले. गांधीजींनी विश्रांतीसाठी थंड हवेच्या ठिकाणी जावे म्हणून सुचविले. विनोबांनी जागा निवडली ती पवनारची. तेथे नदीकाठच्या टेकाडावर जमनालालजींचे एक घर रिकामे होते. 7 मार्च 1938 रोजी ते तेथे राहावयास आले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या साऱ्या काळज्यांचा संन्यास घेतला, आणि मग औषध कोणते घेतले? तर कुदळ!

त्यांची खणण्याची रीत ऐकण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे खणायचे. नंतर रोज थोडे थोडे वाढवायचे. काही घाव घातले की क्षणभर थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा घाव. दमछाक होऊ द्यायची नाही. असे करीत करीत हा अशक्त माणूस रोज दोन दोन तास खणू लागला. वजन 88 वरून 128 पौंडांवर गेले. ज्यांनी नवीन नवीन परसबाग करायला घेतली आहे त्यांना आमची विनंती आहे की ही रीत त्यांनी लक्षात ठेवावी. पहिल्याच दिवशी उत्साहाने दोन तास खणणारा माणूस तिसऱ्या दिवशी पाठ धरून बसतो आणि आठव्या दिवशी बागेकडे फिरकत नाही. पाच मिनिटांचा नेम धरणारा मात्र वर्षाने मळा उभा करतो. नामस्मरणाचे आणि मातीचे गणित एकच आहे, मंडळी. थोडे, पण रोज.

याच खणण्यात एक दिवस कुदळ दगडावर अडकली. माती बाजूला केली तो भरत आणि राम यांच्या भेटीचे जुने शिल्प! धुळ्याच्या प्रवचनांत विनोबांनी भरत-रामाच्या भेटीचे चित्र कोणी काढावे अशी इच्छा बोलून दाखविली होती. ती मूर्ती त्यांच्या हाताखालच्या मातीतूनच वर आली. विनोबांनी तिची तेथेच स्थापना केली, आणि आजही पवनारला जाणाऱ्यास तिचे दर्शन घडते. यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. भाविकाने भाविकपणे घ्यावे, चिकित्सकाने पवनार हे प्राचीन गाव आहे असे म्हणावे. इतके मात्र खरे की खणल्यावाचून ती सापडली नसती.

पुढे वैयक्तिक सत्याग्रह आला. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी पवनारहूनच आरंभ केला. मग 1942 ची चळवळ, मग 1945 पर्यंत तुरुंग. सुटून आल्यावर त्यांनी जे काम धरले ते पाहून भल्याभल्यांनी तोंडात बोट घातले. पवनारपासून तीन मैलांवर सुरगाव नावाचे खेडे. 1946 पासून रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून विनोबा तेथे चालत जात आणि गावाबाहेरच्या वाटेवरची घाण उचलून मातीआड करीत. उघड्यावर पडली तर रोगराई, मातीत गेली तर सोनखत, हे साधे शास्त्र. पण सांगून कोण ऐकणार? म्हणून स्वतः करायचे. एकदा पावसाळ्यात वाटेवरच्या नदीला पूर आला. पलीकडे जाणे शक्य नव्हते. तरी विनोबा वेळेवर काठापर्यंत गेले आणि पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितले की गावच्या देवळात जाऊन देवाला कळवा, सफाईवाला आला होता, पुरामुळे परत गेला. नेम म्हणावा तर असा!

30 जानेवारी 1948 रोजी गांधीजी गेले. विनोबा दिल्लीकडे निर्वासितांत काम करून परत पवनारला आले तेव्हा त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता. सेवेच्या संस्था देणगीच्या पैशावर चालतात, आणि पैसा कोणाच्या घामातून आला हे कोणी विचारीत नाही. मग ती सेवा शुद्ध कशी? यातून 1950 च्या आरंभी पवनारच्या परंधाम आश्रमात एक प्रयोग सुरू झाला. त्याचे नाव कांचनमुक्ती. पैशाचे दान घ्यायचे नाही. कोणाला काही द्यायचेच असेल तर त्याने श्रम द्यावे. अंगावरचे कापड आपण कातलेल्या सुताचे आणि ताटातले अन्न आपण पिकविलेल्या जमिनीचे, हे ध्येय.

ध्येय ठरविणे सोपे. पण पोट रोज भरावे लागते! धान्याला चार महिने थांबावे लागते, म्हणून आरंभ भाजीपाल्यापासून झाला. बाजारची भाजी बंद. मळ्यात येईल तीच खायची. आश्रमातले कार्यकर्ते, बाहेरून शिकावयास आलेले तरुण, सगळे सकाळी कुदळी-फावडी घेऊन मळ्यात. यांतले किती जण जन्माने शेतकरी? थोडेच. लेखणी धरणारे हात ते. फोड आले, पाठी धरल्या. पण विनोबा स्वतः पुढे. वयाची चोपन्न वर्षे उलटलेली, पोटाचे दुखणे जडलेले, तरी तासन्‌तास काम. असा गुरू समोर असता मागे कोण बसणार?

शिवाय या शेतीत बैल नव्हते. विनोबांनी तिला नाव दिले ऋषिशेती. बैलांची ती ऋषभशेती आणि केवळ माणसाच्या हातची ती ऋषिशेती, असा गोड शब्दखेळ. यामागे बैलाविषयी अनादर नव्हता. ज्या गरिबाजवळ बैलजोडी नाही, नांगर नाही, त्याला जमिनीचा तुकडा मिळाला तर तो काय करील, हे त्यांना स्वतःच्या अंगाने जाणून घ्यायचे होते. कुदळीने नीट खणलेल्या, खत घातलेल्या लहान जागेत माणूस काय काय काढू शकतो ते पाहायचे होते.

पाण्याचे काय? विहिरीवर रहाट होता. एरवी तो बैल ओढायचा. आता त्याला दांडे लावले आणि माणसे ओढू लागली. दहाजण एका चाकाला हात लावून फिरत आहेत, तोंडाने गीताई चालली आहे, लोटे भरून वर येत आहेत, पाटातून पाणी वाफ्यांकडे धावत आहे. डोळ्यांपुढे आणा हे चित्र! पाहुणा आला, मोठा पुढारी आला, तरी त्याने आधी रहाटाला हात लावावा. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळणाऱ्या वारकऱ्याला यातला आनंद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. एकटा माणूस रहाट ओढू लागला तर ती शिक्षा. दहाजणांनी नाम घेत ओढला तर ते भजन. पाणी पुरेना तेव्हा आणखी विहीर खणायला घेतली, तीही पाळीपाळीने, आपल्याच हातांनी.

या मळ्यात शाळा नव्हती, पण शिक्षण होते. कोणती भाजी किती दिवसांत ताटात येते, वाफ्याला पाणी किती द्यावे, खत कुजायला किती थांबावे, हे पुस्तकात वाचून येत नाही. चुकले की रोप माना टाकते आणि दुसऱ्या दिवशी ताट रिकामे दिसते. असा परीक्षक दुसरा नाही! आणि सर्वांत मोठा धडा असा की एका पाटी भाजीसाठी किती घाम लागतो ते एकदा अंगाने कळले की अन्न टाकवत नाही, आणि अन्न पिकविणाऱ्याला हलके लेखवत नाही.

1951 च्या एप्रिलमध्ये हैदराबादेजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरले. पैसा वापरायचा नाही म्हटल्यावर गाडीचे तिकीट कुठले? विनोबा 8 मार्च रोजी पवनारहून पायीच निघाले. सुमारे तीनशे मैलांची वाट. संमेलन आटोपून ते तेलंगणात शिरले. तेथे जमिनीवरून रक्तपात चालू होता. 18 एप्रिल 1951 रोजी नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी दलित वस्तीतली मंडळी त्यांना भेटली. चाळीस कुटुंबे, कोणाजवळ जमीन नाही. त्यांनी ऐंशी एकर मागितली, निम्मी कोरडवाहू, निम्मी बागायत. सरकारकडे अर्ज करू, असे म्हणता म्हणता विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले की तुमच्यापैकी कोणी काही करू शकेल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाची गंगा तेथे प्रगट झाली.

लोक याला चमत्कार म्हणतात. आम्हांस वाटते, या गंगेचा झरा पवनारच्या मळ्यात फुटला होता. ज्याने स्वतः कुदळ मारली नाही त्याला कुटुंबामागे दोन एकर म्हणजे काय याचा अर्थ कागदावर कळतो. विनोबांना तो तळहाताच्या घट्ट्यांनी कळला होता. बैल नाही, नांगर नाही, अशा माणसालाही जमीन मिळाली तर तो पोट भरू शकतो, हा भरवसा त्यांनी मळ्यातून बरोबर आणला होता. तो नसता तर मागण्यात जोर आला नसता.

पुढचे सर्वश्रुत आहे. 12 सप्टेंबर 1951 रोजी ते पवनारहून पुन्हा निघाले ते 10 एप्रिल 1964 रोजीच परतले. साडेबारा वर्षे पायी वारी! या वारीत 1958 च्या मेमध्ये ते पंढरीसही आले. जेथे परधर्मीयांस मज्जाव तेथे आपण जाणार नाही हा त्यांचा नेम. पंढरीच्या मंदिराची दारे त्यांच्यासमवेतच्या अन्यधर्मीयांसह त्यांना उघडी झाली, आणि समचरणांवर मस्तक ठेवताना त्यांच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या.

भूदानात देशभर सुमारे चाळीस लाख एकर जमिनीचे संकल्प झाले. येथे एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे, चरित्र लिहिताना ती झाकून चालत नाही. त्यांतली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही वादात अडकली, काहीचे वाटपच झाले नाही. ज्यांना मिळाली त्यांतल्या अनेकांना बियाणे नव्हते, पाणी नव्हते, शिकविणारे कोणी नव्हते. दान सोपे होते. रहाटाला हात लावायला दहाजण पाहिजे होते, ते सगळीकडे मिळाले नाहीत. जमीन देणे हे अर्धे काम. तिच्यावर शेजारी उभे राहून बरोबर खणणे हे उरलेले अर्धे. पवनारला ही दोन्ही एकत्र होती, म्हणून तो मळा हसला.

25 मार्च 1959 रोजी विनोबांनी पवनारलाच ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. भगिनींनी सामूहिक साधना करावी आणि श्रम हा त्या साधनेचाच भाग असावा, ही तेथली रीत. शेतकाम, स्वयंपाक, झाडलोट सारे आपल्या हातांनी. आयुष्याची अखेरची वर्षे विनोबा तेथेच राहिले. 15 नोव्हेंबर 1982 रोजी, दिवाळीत, अन्न-पाणी-औषध सोडून त्यांनी शांतपणे देह ठेवला. जन्मभर अन्नाचा एकेक कण मोजून घेतला, आणि वेळ झाली तसे ताट बाजूला सारले.

वाचकहो, भूदानाची पदयात्रा काढणे आपल्या आवाक्यातले नव्हे. परंतु देवळामागे, शाळेमागे, धर्मशाळेच्या आवारात कुठे ना कुठे हातभर जागा ओसाड पडलेली असतेच. भजनी मंडळातल्या दहाजणांनी मनावर घेतले तर तेथे मेथी, वांगी, दोडका सहज होईल. कोणाला येत नसेल तर गावातल्या एखाद्या जाणत्या आजीला पुढे करावे, खुरपे कसे धरायचे ते तीच शिकवील. पहिली भाजी निघाली की गागोद्याच्या माउलीचा दंडक पाळावा, आधी शेजारी, मग आपले ताट. आणि पहिल्या दिवशी किती खणायचे? पाच मिनिटे. पण दुसऱ्या दिवशी चुकवायचे नाही.